बंधूंच्या बराकीतली प्रश्नावली

धुकं खाडीतून चढून वर आलं की आमच्या तुरुंगाच्या भिंती दिसेनाशा होतात. उरतात ते आवाज. समुद्रपक्ष्यांचे, दारांच्या कड्यांचे आणि बंधूंच्या बराकीतल्या गिटारींचे. आत आल्यावर जे प्रभूला शरण गेले त्यांना आमच्याकडे सगळे 'बंधू' म्हणतात. त्यांची बराक वेगळी. तिथं दारू नाही, शिवी नाही, चाकू नाही. सकाळी उठून फरशी पुसायची, गळ्यात टाय बांधायचा आणि प्रार्थनेला उभं राहायचं. टाय सगळ्यांना पुरत नाहीत, म्हणून त्यांचे पाळक आब्दोन ते एका खोक्यात जपून ठेवतात आणि पाळीपाळीनं वाटतात. आब्दोनही कैदीच, जन्मठेपेचे. पण त्यांना अरेतुरे करताना मी अजून एकाही हवालदाराला ऐकलेलं नाही.

मी या तुरुंगाची मानसशास्त्रज्ञ, नोएलिया कार्कामो. रविवारची सुट्टी कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या मंडळापुढं माझा अहवाल जातो. रविवारची सुट्टी म्हणजे दर रविवारी सकाळी एकट्यानं फाटकाबाहेर पडायचं आणि संध्याकाळी एकट्यानंच परत यायचं. पहारा नाही, बेडी नाही. माणूस परत येईल का, आणि मधल्या वेळात कुणाला दुखावणार तर नाही, एवढंच मंडळाला माझ्याकडून हवं असतं. एवढंच, म्हणजे सगळंच.

त्या हिवाळ्यात राजधानीतून एक नवी प्रश्नावली आली. कैद्यानं स्वतःबद्दलची वाक्यं वाचायची, 'बरोबर' किंवा 'चूक' यावर खूण करायची. शेवटी बेरीज करायची आणि आकडा किती मोठा यावरून कळायचं की हा माणूस सायकोपॅथ आहे की नाही. म्हणजे वरून गोड, आतून कोरडा. दुसऱ्याचं दुःख ज्याला दिसतं पण लागत नाही, असा.

"म्हणजे चोराला विचारायचं, बाबा रे, तू चोर आहेस का?" ओर्तेन्सिया म्हणाली. ती आमची समाजसेविका, माझ्याहून वयानं आणि नोकरीनं मोठी. दोघींच्या मधे एकच शेगडी, एकच किटली. "आणि तो नाही म्हणाला की चहा पाजून घरी पाठवायचा."

"तसं नाही गं. प्रश्न आडवळणाचे आहेत."

"आडवळणानं तर तीच माणसं चालतात, पोरी."

मी हसले, पण मला खरोखरच उत्सुकता होती. माणूस स्वतःला कसा वाचतो, हे मला नेहमीच त्याच्या गुन्ह्यापेक्षा मोठं कोडं वाटत आलंय.

बंधूंच्या बराकीत प्रश्नावल्या घेऊन गेले तेव्हा आब्दोननी बाकं ओळीत लावून ठेवली होती. कागदांच्या गठ्ठ्यावर त्यांनी हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाले, "प्रभो, ज्यांच्या मनात अजून काही दडून आहे त्यांचे हात आज मोकळे कर." मग बंधूंकडं वळून म्हणाले, "झाकू नका रे. मॅडमसमोर नाही, त्याच्यासमोर लिहिताय असं समजा."

"आमेन," सगळे म्हणाले. पेन्सिली चालू लागल्या. मला वाटलं, इतकी प्रामाणिक माणसं मला कधी मिळाली नव्हती.

दुपारी दुसऱ्या बराकीत गेले. तिथं अरावेना होता. नसलेले प्लॉट विकल्याबद्दल आत आलेला, नखं स्वच्छ, केस चापून बसवलेले. त्यानं प्रत्येक वाक्य दोनदा वाचलं आणि मला जवळ बोलावलं.

"मॅडम, याला 'बरोबर' म्हटलं तर घमेंड दिसते आणि 'चूक' म्हटलं तर ढोंग. मधे जागा नाही का?"

"नाही. मनाला येईल ते लिहा."

"मनाला तर दोन्ही येतंय," तो गोड हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बेरजा झाल्या. सगळ्यात स्वच्छ निघाला अरावेना. ओर्तेन्सियानं गंमत म्हणून स्वतः एक प्रश्नावली भरून पाहिली होती. तिचे गुण त्याच्याहून जास्त भरले. "घे," ती म्हणाली, "मला आत टाक आणि त्याला माझ्या खुर्चीवर बसव."

आणि सगळ्यात वर, सगळ्या तुरुंगात वर, निघाला एलिसेओ पाइयाकार. बंधूंच्या बराकीतला.

एलिसेओ होड्यांच्या फटी बुजवणारा सुतार. दारूच्या नशेत दोन मित्रांबरोबर त्यानं आपल्याच गावातलं, बोटीच्या धक्क्यावरचं दुकान लुटलं होतं. दुकानदार म्हातारा रोसामेल मधे आला, एलिसेओनं त्याला ढकललं, म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं. तिघंही त्याला जमिनीवर तसाच टाकून पळाले. आता त्याला रविवारची सुट्टी हवी होती, आणि कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. त्याची आई ओतिलियाबाई सुरुवातीला एकदा भेटीला आली होती. तपासणीच्या खोलीत तिला कपडे उतरवायला लावले. त्यानंतर ती आली नाही. तिनं निरोप धाडला, "त्या खोलीत मी परत उभी राहायची नाही. तू तुझ्या पायांनी माझ्या दाराशी ये." आता तिचे डोळे विझत चालले होते. डॉक्टर म्हणाले होते, फार फार तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. आणि मंडळ एकदा नाही म्हणालं, की वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही.

आमचे साहेब साल्दिविया यांनी दोन्ही आकडे पाहिले. "झालं तर. अरावेनाला हो, पाइयाकारला नाही. आकडा लिहा, सही करा, गुरुवारी मंडळापुढं ठेवा."

"साहेब, मला एकदा त्याच्याशी बोलायचंय."

"बोला की. पण त्यानं बोलून आकडा उतरत नाही."

एलिसेओ माझ्या खोलीत आला तेव्हा गळ्यात निळा टाय होता, त्याची पाळी असावी. हात मोठे, नखांत अजून डांबराची रेघ. मी त्याची प्रश्नावली समोर ठेवली आणि एकेक वाक्य वाचू लागले.

"'मी अनेकांना फसवलं आहे.' तुम्ही लिहिलंय, बरोबर."

"हो मॅडम. किती जणांना, मोजता येणार नाही."

"उदाहरण सांगा."

तो विचारात पडला. "लहानपणी आईला म्हणालो होतो, शाळेत गेलो. गेलो नव्हतो."

"आणखी?"

"आणखी... एकाला होडी नीट बुजवली म्हणून सांगितलं. एक फट राहिली होती."

"'धोक्याची मला भीती वाटत नाही.' बरोबर."

"प्रभू सोबत असताना भीती वाटली तर मी विश्वास तो काय ठेवला?"

"'बोलण्यानं मी लोकांना वळवू शकतो.'"

"प्रार्थनेत सगळ्यांपुढं साक्ष देतो ना मी. मागच्या महिन्यात माझ्या साक्षीनं दोघं गुडघ्यावर आले." त्याच्या आवाजात किंचित अभिमान होता, मग तो अभिमानाला लाजला.

"'केलेल्या गोष्टींची टोचणी मला लागत नाही.'"

"धुतलं गेलंय ते, मॅडम. प्रभूच्या, त्या कोकराच्या रक्तानं. अजून टोचतंय म्हटलं, तर त्याचं रक्त कमी पडलं असं म्हटल्यासारखं होईल."

मी पेन खाली ठेवलं. एकाएकी सगळं उलगडल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी दुसरी शंका डोकं वर काढून उभी राहिली. वरून गोड, आतून कोरडा माणूस हेच बोलला नसता का? इतकंच साधं, इतकंच नितळ? अरावेनाला बंधूंच्या बराकीत महिनाभर ठेवला तर तो याच्याहून सुंदर बोलेल. एलिसेओच्या तोंडून एलिसेओ कसा आहे हे मला कळणार नव्हतं. कागदावर नाही, आणि खुर्चीवर बसूनही नाही.

तेव्हा मी ऐकायला गेले. संध्याकाळच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर जाऊन बसले. गिटारी झाल्या, मँडोलिन झालं, आणि मग साक्षी सुरू झाल्या. एकेक जण पुढं यायचा, टायची गाठ नीट करायचा आणि आपला जुना जन्म सांगायचा. मी किती खोटा होतो. मी किती निर्दय होतो. माझ्या छातीत काळीज नव्हतं, दगड होता, बंधूंनो. जितका खोल खड्डा, तितका वर काढणाऱ्याचा हात मोठा. म्हणून प्रत्येक जण आपला खड्डा जीव तोडून खणत होता. एक बुटका बंधू सांगत होता की त्यानं शेजारणीची गाय चोरली आणि ती रडत असताना तो हसला.

"बंधू नार्सिसो," आब्दोन हळूच म्हणाले, "नाताळाच्या साक्षीत ती शेळी होती."

"तेव्हा मी अजून पूर्ण मोकळा झालो नव्हतो, पाळकसाहेब," नार्सिसो म्हणाला. बाक हसलं, आणि हसताहसताच आमेन म्हणालं.

मी हसू आवरत खोलीवर आले आणि बंधूंच्या सगळ्या प्रश्नावल्या पुन्हा काढल्या. एलिसेओ एकटा नव्हता. अख्खी बराकच वर होती. ज्यांनी आयुष्यात एकदाच, एकाच रात्री, काहीतरी केलं होतं तेही. नार्सिसो तर होताच. एलिसेओ सगळ्यांत वर होता कारण त्याची साक्ष सगळ्यांत चांगली समजली जायची.

ओर्तेन्सियानं गठ्ठा चाळला. "एकतर सैतानानं त्यांची बराक ठेक्यानं घेतलीय, नाहीतर तुझी प्रश्नावली तिथं चालत नाही."

"पाळकांनी सांगितलं झाकू नका, आणि त्यांना झाकू नका म्हणजे काय हे एकाच तऱ्हेनं माहीत आहे."

"मग लिही की तसं. सुटला तुझा एलिसेओ."

"सुटला कुठं? प्रश्नावली खोटी ठरली म्हणून तो खरा थोडाच ठरतो."

ओर्तेन्सियानं किटलीतलं पाणी माझ्या कपात ओतलं. "तुला ना, नवरा नको, बहीण नको. प्रश्न दिला की तू जेवलीस."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बोटीनं पलीकडं ओतिलियाबाईकडं गेलो. तिचं घर लाकडी फळ्यांचं, मासोळीच्या खवल्यांसारख्या फळ्या एकावर एक. ती दारात उभी होती, चेहरा थोडा बाजूला वळवून, डोळ्याच्या कडेनं पाहणारी माणसं पाहतात तशी.

"तुरुंगाच्या बाया का?"

"हो, ओतिलियाबाई."

"या. पाय पुसा."

मी तिला विचारलं, लहानपणी कसा होता तो. ती बटाटे किसत होती. "रडका होता. कोंबडी कापायची म्हटलं की शेजारी पळायचा. मग मोठा झाला आणि दारू प्यायला. दारू प्याल्यावर कुणाचा मुलगा होता देव जाणे."

"आता तो म्हणतो, देवानं त्याला माफ केलं."

तिचा हात थांबला. "देवाला काय जातंय? देवाचं हाड मोडलं नव्हतं." आणि तिनं खिडकीकडं हनुवटी केली. "रोसामेल त्या वळणावर राहतो. काठीनं चालतो. मी शनिवारी त्याच्याकडं जळण नेते. मी आत जाते, ठेवते, तो काही बोलत नाही, मीही बोलत नाही. ते बरं आहे. पण माझा मुलगा येईल तेव्हा त्याच रस्त्यानं यावं लागेल. दुसरा रस्ता नाही या घराला."

"त्यानं यावं असं वाटतं तुम्हाला?"

"बाई," ती म्हणाली, "मला अजून माणसाचा आकार दिसतो. नाक-डोळे जवळ आल्यावर दिसतात. पुढं तेही दिसणार नाही. वाटण्याचं काय विचारता?"

आम्ही परतीची बोट धरली. मला एक प्रश्न सापडला होता, जो कुठल्याच कागदावर नव्हता.

बुधवारी मी एलिसेओला पुन्हा बोलावलं. या वेळी समोर काहीच ठेवलं नाही.

"प्रार्थनेत तुमची साक्ष ऐकायला मिळाली नाही. थोडक्यात सांगाल?"

तो सरसावून बसला. आवाज भरला, लय आली. मी अंधारात होतो, माझ्या हातांना दया माहीत नव्हती, एका निष्पाप वृद्धाला मी...

"वृद्धाचं नाव काय?"

लय तुटली. "साक्षीत नावं घेत नाहीत, मॅडम."

"ही साक्ष नाही. मी विचारतेय."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. "रोसामेलकाका," तो शेवटी म्हणाला. आणि मग त्याचा तो भरीव आवाज गेलाच कुठंतरी. "ते मला उधारीवर बिस्किटं द्यायचे. आईला न सांगता. त्या दिवशी त्यांनी मला ओळखलं. चेहरा झाकला होता मी, तरी. म्हणाले, अरे, ओतिलियाचा ना तू? म्हणून ढकललं. पैशांसाठी नाही. ओळखलं म्हणून."

हे फायलीत नव्हतं. खटल्यातही नव्हतं. हे सांगून त्याचा काही फायदा नव्हता, उलट तोटाच होता. त्यालाही ते कळलं, कारण तो म्हणाला, "हे आता तुम्ही लिहिणार."

"लिहावं लागेल."

"लिहा." त्यानं टाय काढून घडी घालून खिशात ठेवला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी मंडळ बसलं. मी सांगितलं की बंधूंच्या बराकीतले आकडे मी अहवालात धरलेले नाहीत, आणि का नाहीत. नार्सिसोच्या गायीची गोष्ट सांगितली तेव्हा पहाऱ्याचे अधिकारी खोकल्याआड हसले.

साल्दिविया साहेब हसले नाहीत. "म्हणजे पाइयाकार सायकोपॅथ नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला एवढंच म्हणायचंय की हा कागद ते सांगू शकत नाही, साहेब. त्याच्याबद्दल नाही आणि अरावेनाबद्दलही नाही. माणसाला स्वतःबद्दल विचारलं की तो आपल्या लोकांत जे चांगलं दिसतं ते सांगतो. अरावेनाच्या लोकांत सभ्य दिसणं चांगलं. बंधूंच्या लोकांत पापी दिसणं चांगलं."

"मग तुम्ही कशावरून शिफारस करताय?"

मी सांगितलं. आत आल्यापासून त्याच्या नावावर एकही भांडण नाही. बराकीतल्या लकवा झालेल्या कैद्याला तो रोज अंघोळ घालतो, आणि ते त्यानं कधी साक्षीत सांगितलेलं नाही. आईचं घर आम्ही पाहून आलो. आणि बुधवारी त्यानं जे सांगितलं तेही सांगितलं, शब्द न् शब्द, ओळखलं म्हणून ढकललं हेसुद्धा.

"हे तर त्याच्या विरुद्ध जातं," साहेब म्हणाले.

"जातं."

"आणि परत आला नाही तर?"

"तर खाली माझी सही आहे."

हात वर झाले. एका मताच्या फरकानं एलिसेओला सुट्टी मिळाली. अरावेनाची फाईलही मी उघडून ठेवली होती: आधीच्या तुरुंगात असताना त्यानं एका हवालदाराच्या मेहुण्याला समुद्रकाठचा प्लॉट विकला होता. त्याला नकार गेला. तो मला ओसरीत भेटला, दुखावल्या चेहऱ्यानं.

"पण मॅडम, माझा आकडा तर चांगला होता."

"फार चांगला होता," मी म्हणाले.

रविवारी धुकं नव्हतं. एलिसेओ पहिल्या बोटीनं गेला असं फाटकावरून कळलं. मी घरी भाकरीचं पीठ मळत होते आणि दर थोड्या वेळानं खिडकीतून खाडीकडं बघत होते, जणू एवढ्या लांबून मला एखाद्या माणसाची पाठ दिसणार होती. संध्याकाळी फाटकावर फोन केला. हवालदार म्हणाला, "आला की. शेवटच्या बोटीची वाटही नाही पाहिली. काय झालं मॅडम, पैज लावली होती का?"

सोमवारी तो माझ्या खोलीत आला. चेहरा ओढलेला, झोप न झाल्यासारखा.

"आईनं पाहिलं?"

"पाहिलं. अगदी जवळ येऊन, नाकाला नाक लागेल इतकं. दोन्ही हातांनी कान धरले. म्हणाली, म्हातारा झालास रे." तो हसला आणि लगेच थांबला. "मग म्हणाली, रोसामेलच्या दारापर्यंत जाऊन ये. मगच जेवायचं."

"गेलात?"

"त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. आत दिवा होता. मी तिथं उभाच राहिलो. मग परत आलो."

"आईला काय सांगितलं?"

त्यानं आपल्या डांबरलेल्या नखांकडं पाहिलं. "दार वाजवलं म्हणालो असतो तर तिला कळलं नसतं. तिला वळणापर्यंत दिसत नाही. रस्ताभर तेच मनात येत होतं. दारात आलो आणि म्हणालो, नाही जमलं."

हेही त्याचंच तोंड, त्याचेच शब्द. त्याला साक्षीदार कुणी नव्हता, अर्धी आंधळी म्हातारी सोडून. मी त्याच्याकडं बघत राहिले. मला अजूनही काही ठामपणे माहीत नव्हतं, आणि तरी विचारल्यावाचून राहवलं नाही.

"मग? जेवू घातलं का तिनं?"

"तिनं आधी शेगडीवरून बटाट्याचा एक वडा उचलून ताटात टाकला. मग म्हणाली, पुढच्या रविवारी. आणि दुसरा टाकला."